अणुकेंद्राच्या साक्षीने

ऑक्टोबर १९३४. रोममधील व्हिया पानिस्पेर्ना या रस्त्यावरच्या भौतिकशास्त्र संस्थेत दोन तरुण संशोधक एका किरकोळ वाटणाऱ्या विसंगतीने हैराण झाले होते. चांदीच्या नळकांड्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा आणि ती चांदी किती किरणोत्सारी होते ते मोजायचे, एवढेच त्यांचे काम होते. पण हा प्रयोग संगमरवरी टेबलावर केला तर एक आकडा येई आणि लाकडी टेबलावर केला तर दुसरा, बराच मोठा. चांदी तीच, न्यूट्रॉनचा स्रोत तोच, मोजणारे हातही तेच. मग टेबल बदलल्याने उत्तर बदलावे का?

या दोघांपैकी एक होते एदोआर्दो आमाल्दी आणि दुसरे, वयाने संपूर्ण गटात सर्वांत लहान, ब्रुनो पाँतेकोर्व्हो. त्यांचे वय तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. काही दिवसांतच त्यांचे गुरू एन्रिको फर्मी यांनी चांदी आणि न्यूट्रॉनचा स्रोत यांच्यामध्ये मेणाचा ठोकळा ठेवून पाहिला आणि उलगडा झाला. लाकूड आणि मेण या दोहोंत हायड्रोजन विपुल असतो. हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर आपटत न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद झालेले न्यूट्रॉन चांदीच्या अणुकेंद्रात अधिक सहजपणे शिरतात. या शोधाने पुढे अणुभट्टीचा मार्ग मोकळा केला आणि १९३८ साली फर्मींना मिळालेल्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा होता. त्या विसंगतीने तरुण पाँतेकोर्व्हो यांना मात्र आणखी एक धडा दिला. कण स्वतः काही सांगत नाही. जे काही कळते ते तो ज्या अणुकेंद्रावर आपटला त्या अणुकेंद्राकडून कळते. म्हणून साक्षीदाराचा स्वभाव ठाऊक नसेल तर साक्षीचा अर्थ लावता येत नाही. या माणसाचे पुढचे सारे आयुष्य या धड्याभोवती फिरत राहिले आणि त्यांच्या मृत्यूला तीन दशके उलटून गेल्यावरही न्यूट्रिनोंचे भौतिकशास्त्र त्याच धड्याशी झुंजते आहे.

ब्रुनो पाँतेकोर्व्हो यांचा जन्म २२ ऑगस्ट १९१३ रोजी पिसाजवळील मारिना दि पिसा येथे झाला. कापडउद्योगातील सधन ज्यू कुटुंब, आठ भावंडे आणि घरात विद्येची ओढ. थोरले बंधू ग्विदो पुढे आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले, तर धाकटे बंधू जिलो चित्रपट दिग्दर्शक झाले. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरील त्यांचा चित्रपट जगभर गाजला. ब्रुनो यांनी पिसाला दोन वर्षे अभियांत्रिकीचा अभ्यास केला. पण आराखडे काढण्यात मन रमेना म्हणून वयाच्या अठराव्या वर्षी ते रोमला फर्मींकडे आले. फर्मींच्या गटात सर्वांना टोपणनावे होती. या सर्वांत धाकट्या सहकाऱ्याला ते लाडाने पिल्लू म्हणत.

१९३६ साली ते पॅरिसला जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत गेले. दोन वर्षांनी मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंविरुद्ध वांशिक कायदे केले आणि मायदेशी परतण्याची वाट बंद झाली. पॅरिसमध्येच त्यांचा स्वीडिश तरुणी मारियान नॉर्डब्लॉम यांच्याशी संसार सुरू झाला, पहिला मुलगा झाला आणि फॅसिझमच्या छायेत ते कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीवर आल्या तेव्हा पत्नी आणि मूल आगगाडीने पुढे गेले आणि पाँतेकोर्व्हो सायकलवरून दक्षिणेकडे निघाले. स्पेन, पोर्तुगाल आणि तेथून बोटीने अमेरिका असा तो प्रवास झाला.

अमेरिकेत त्यांना काम मिळाले ते ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे, तेलविहिरींच्या सर्वेक्षणाचे. रोममधील टेबलांचा अनुभव तेथे कामी आला. विहिरीत न्यूट्रॉनचा स्रोत सोडला, की पाणी वा तेल असलेल्या थरांत, म्हणजेच हायड्रोजन असलेल्या थरांत, न्यूट्रॉन मंदावतात. अन्य खडकांत तसे होत नाही. परतणाऱ्या किरणांवरून जमिनीच्या पोटातील थर ओळखता येतात. त्यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत तेलउद्योगात स्थिरावली. मंद न्यूट्रॉनांचा तो पहिला मोठा व्यावहारिक उपयोग ठरला.

१९४३ मध्ये ते कॅनडातील ब्रिटिश-कॅनेडियन अणुप्रकल्पात दाखल झाले. प्रथम माँट्रियल आणि नंतर चॉक रिव्हर येथे जड पाण्याच्या अणुभट्टीच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. येथेच त्यांच्या मनात न्यूट्रिनोने घर केले. वोल्फगांग पाउली यांनी १९३० साली कल्पिलेला हा कण विद्युतभाररहित, जवळजवळ वस्तुमानरहित आणि द्रव्याशी क्वचितच संबंध ठेवणारा आहे. हान्स बेथे आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९३४ साली हिशेब मांडला होता, की असा कण घन द्रव्यातून सुमारे हजार प्रकाशवर्षे विनाअडथळा जाऊ शकेल. त्यामुळे तो कधी दिसणारच नाही, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते.

पाँतेकोर्व्हो यांनी १९४६ च्या आपल्या अहवालात प्रश्न उलट बाजूने घेतला. एक न्यूट्रिनो हजार प्रकाशवर्षे जाऊ शकतो हे खरे. पण अणुभट्टीतून आणि सूर्यातून असंख्य न्यूट्रिनो बाहेर पडत असतील तर त्यांतील काही थोडे तरी एखाद्या मोठ्या पिंपातील अणुकेंद्रांवर आपटतीलच. मग अशा अणुकेंद्राची निवड करावी, की आघात झाल्याची खूण मागे राहील. त्यांनी क्लोरिन निवडला. क्लोरिन-३७ च्या अणुकेंद्राने न्यूट्रिनो गिळला, की त्याचे आर्गॉन-३७ होते. क्लोरिनची संयुगे स्वस्त आणि मुबलक असतात. आर्गॉन निष्क्रिय वायू असल्याने प्रचंड द्रवातून तो वेगळा काढता येतो. आणि आर्गॉन-३७ चे अर्धायुष्य सुमारे ३५ दिवसांचे असल्याने तो गोळा करून मोजायला पुरेसा अवधी मिळतो. हजारो लिटर द्रवातून मोजके अणू वेचून काढायचे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

१९४९ च्या सुरुवातीला पाँतेकोर्व्हो इंग्लंडमधील हारवेल येथील अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले. तत्पूर्वी त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले होते. फेब्रुवारी १९५० मध्ये हारवेलचेच शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स यांना सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल अटक झाली आणि जुने कम्युनिस्ट संबंध असलेल्या सर्वांकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. लिव्हरपूल विद्यापीठात पाँतेकोर्व्हो यांच्यासाठी प्राध्यापकपद ठरले होते. त्या उन्हाळ्यात ते पत्नी आणि तीन मुलांसह इटलीत सुटीवर गेले, सप्टेंबरच्या आरंभी रोमहून स्टॉकहोमला आणि तेथून हेलसिंकीला पोहोचले आणि पाचही जण नाहीसे झाले. साडेचार वर्षांनी, मार्च १९५५ मध्ये, मॉस्कोत पत्रकारांसमोर ते प्रकटले तेव्हा जगाला त्यांचा ठावठिकाणा कळला. त्यांनी अणुगुपिते सोव्हिएत संघाला दिली होती काय, यावर आजवर बरेच लिहिले गेले. तसा आरोप न्यायालयात कधी सिद्ध झाला नाही आणि त्यांनी तो कायम नाकारला.

सोव्हिएत संघात त्यांचे ठिकाण होते मॉस्कोच्या उत्तरेला व्होल्गा नदीकाठचे दुब्ना. तेथे मान होता, पारितोषिके होती; पण देशाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. पाश्चात्त्य सहकाऱ्यांशी संपर्क तुटला. लेख रशियनमध्ये प्रसिद्ध होत आणि बाहेर उशिरा पोहोचत. या एकांतात त्यांच्या सर्वांत मोठ्या कल्पना जन्मल्या आणि त्या पडताळण्याची साधने मात्र बहुधा इतरांच्याच हाती राहिली.

अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी क्लोरिनची पद्धत प्रत्यक्षात आणली होती आणि ते अणुभट्टीजवळ प्रयोग करीत होते. भट्टीतून प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात आणि क्लोरिनला हवा असतो न्यूट्रिनो, त्यामुळे आर्गॉन मिळायला नको. १९५७ च्या सुमारास दुब्नात अफवा पोहोचली, की डेव्हिस यांना आर्गॉन मिळाला. पाँतेकोर्व्हो यांनी विचार केला, की वाटेत प्रतिन्यूट्रिनोचा न्यूट्रिनो होत असेल तर? अफवा खोटी निघाली. कल्पना मात्र टिकली. प्रवासात न्यूट्रिनो बहुरूप्यासारखा रूप पालटतो आणि झोपाळ्याप्रमाणे पुन्हा मूळ रूपाकडे येतो, म्हणून या घटनेला न्यूट्रिनोचे दोलन असे नाव मिळाले. ते घडायचे तर न्यूट्रिनोला थोडे का होईना वस्तुमान असले पाहिजे.

१९५९ मध्ये त्यांनी आणखी एक प्रश्न मांडला. इलेक्ट्रॉनबरोबर जन्मणारा न्यूट्रिनो आणि म्युऑनबरोबर जन्मणारा न्यूट्रिनो एकच की वेगळे? कणत्वरकातून न्यूट्रिनोंचा झोत काढून हे तपासता येईल, असे त्यांनी सुचविले. दुब्नातील यंत्राची ताकद त्यासाठी पुरेशी नव्हती. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे १९६२ साली हा प्रयोग झाला, न्यूट्रिनो दोन निराळे ठरले आणि १९८८ चे नोबेल पारितोषिक तेथील तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. याच काळात न्यूट्रिनोच्या शोधात मुंबईचे नावही जोडले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा १९६५ साली नोंदविल्या. तेथेही न्यूट्रिनो दिसला नव्हता. त्याने खडकातील अणुकेंद्रावर आपटून मोकळा केलेला म्युऑन तेवढा दिसला होता.

दरम्यान डेव्हिस यांनी दक्षिण डकोटातील होमस्टेक सोनखाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलीवर कपडे धुण्याच्या रसायनाची, परक्लोरोइथिलीनची, ६०० टनांहून मोठी टाकी बसविली होती. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो मोजायचे होते. पण किती अपेक्षित आहेत? हा आकडा केवळ सूर्यावर नव्हे, तर क्लोरिनच्या अणुकेंद्राच्या घडणीवरही अवलंबून होता. जॉन बाकॉल यांनी १९६३ मध्ये दाखविले, की न्यूट्रिनो गिळल्यावर आर्गॉनचे अणुकेंद्र केवळ तळाच्या अवस्थेत नव्हे, तर उच्च ऊर्जेच्या एका विशिष्ट अवस्थेतही जाऊ शकते. त्यामुळे अधिक ऊर्जेचे सौर न्यूट्रिनो पकडले जाण्याची शक्यता आधीच्या अंदाजाच्या सुमारे वीसपट होते. या एका हिशेबाने न होण्याजोगा प्रयोग होण्याजोगा झाला. टेबलाचा जुना धडा येथे नव्या रूपात समोर आला होता.

पाँतेकोर्व्हो यांनी १९६७ मध्येच इशारा दिला होता, की दोलन होत असेल तर सूर्याकडून अपेक्षेपेक्षा कमी न्यूट्रिनो मिळतील. पुढच्या वर्षी डेव्हिस यांचे पहिले निकाल आले आणि खरोखरच न्यूट्रिनो कमी भरले. पुढील वर्षांत हा आकडा अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशावर स्थिर झाला. पण लोकांना पटेना. कोणी सूर्याच्या गणितावर शंका घेतली, कोणी प्रयोगावर. हा वाद तीन दशकांहून अधिक काळ चालला. अखेर जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने १९९८ मध्ये आणि कॅनडातील सडबरी प्रयोगाने २००१ व २००२ मध्ये दोलनावर शिक्कामोर्तब केले. सडबरीने वापरले जड पाणी. त्यातील ड्यूटेरियमच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, बस्स. इतक्या साध्या साक्षीदाराचा स्वभाव सिद्धान्तातून अचूक काढता येतो, आणि त्या प्रयोगाच्या निर्णायकतेमागे हेही एक कारण होते.

हा निकाल पाहायला पाँतेकोर्व्हो नव्हते. दीर्घकाळ कंपवाताशी झगडून २४ सप्टेंबर १९९३ रोजी दुब्नात त्यांचे निधन झाले. इटलीला परत पाहण्याची परवानगी त्यांना १९७८ मध्ये प्रथम मिळाली, ती जुने मित्र आमाल्दी यांच्या सत्तरीनिमित्त. मृत्यूनंतर त्यांच्या अस्थींचा अर्धा भाग रोममध्ये आणि अर्धा दुब्नात ठेवण्यात आला.

दोलन सिद्ध झाले आणि प्रश्न बदलला. आता ते आहे की नाही हे विचारायचे नाही; ते नेमके किती आहे ते मोजायचे आहे. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या दोलनात फरक आहे काय, हा त्यांतील सर्वांत मोठा प्रश्न. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य जवळजवळ नाहीसे झाले, याच्या कारणाचा धागा तेथे सापडण्याची आशा आहे. त्यासाठी पाँतेकोर्व्हो यांनी सुचविलेल्या मार्गानेच कणत्वरकातून न्यूट्रिनोंचा झोत काढून तो शेकडो किलोमीटर दूर पाठविला जातो. जपानमधील तोकाई ते कामिओका हे अंतर २९५ किलोमीटर आहे, तर अमेरिकेतील नोव्हा प्रयोगात ते ८१० किलोमीटर आहे.

दोलन किती झाले हे अंतर आणि ऊर्जा यांच्या गुणोत्तरावर ठरते. अंतर नेमके ठाऊक असते. ऊर्जा ठाऊक नसते. झोतातील प्रत्येक न्यूट्रिनोची ऊर्जा निराळी असते आणि ती आघातातून बाहेर पडलेल्या कणांवरून मागे जात ठरवावी लागते. न्यूट्रिनो एखाद्या स्थिर, सुट्या न्यूट्रॉनवर आपटला असता तर हे गणित सोपे होते. पण न्यूट्रॉन अणुकेंद्रात कोंडलेला असतो आणि तेथे तो सतत धावत असतो. या धावपळीला फर्मींचेच नाव आहे. त्याला बाहेर काढायला ऊर्जा खर्ची पडते. आघातात निर्माण झालेला पायॉन अणुकेंद्राबाहेर पडण्यापूर्वीच गिळला जाऊ शकतो. बाहेर पडलेला न्यूट्रॉन यंत्राला दिसतही नाही. ती ऊर्जा हिशेबातून गळते आणि न्यूट्रिनो होता त्यापेक्षा दुबळा भासतो.

याचा फटका किती बसतो ते अमेरिकेतील मिनीबून प्रयोगात दिसले. त्या प्रयोगात २०१० च्या सुमारास कार्बनवरील आघात सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले. फ्रान्समधील सिद्धान्तकारांनी त्याआधीच, २००९ मध्ये, त्याचे कारण सुचविले होते. न्यूट्रिनो अनेकदा एकट्या न्यूट्रॉनवर नव्हे, तर परस्परांशी जखडलेल्या जोडीवर आपटतो आणि दोघांनाही बाहेर फेकतो. प्रयोगाला तो आघात एकट्यावरचाच वाटतो आणि ऊर्जा शेकडो दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टने कमी मोजली जाते. तोकाईच्या झोतात न्यूट्रिनोंची ऊर्जा साधारण ६०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, हे लक्षात घेतले म्हणजे चुकीचे गांभीर्य कळते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ठाऊक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कार्बन आणि लोखंडावर सोडून न्यूट्रिनोवाल्यांच्याच पद्धतीने ऊर्जा काढली गेली. बऱ्याच मोठ्या भागात ती खऱ्या ऊर्जेशी जुळली नाही.

झोताच्या उगमाजवळ दुसरे यंत्र ठेवून तुलना केली तर चूक आपोआप वजा होईल, असे वाटते. काही प्रमाणात ती होतेही. पण दूरच्या यंत्रापर्यंत पोहोचताना झोताचे रूपच बदललेले असते, ऊर्जेची वाटणी बदललेली असते आणि पुष्कळदा दोन्हीकडची अणुकेंद्रेही वेगळी असतात. शिवाय अणुकेंद्र न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांना सारखी वागणूक देत नाही. हा फरक नीट वजा केला नाही तर द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातील खरा भेद सापडल्याचा भास होईल. म्हणूनच फर्मी प्रयोगशाळेतील मिनर्व्हा प्रयोगाने २०१९ पर्यंतची जवळपास दहा वर्षे कार्बन, लोखंड, शिसे अशा निरनिराळ्या अणुकेंद्रांवरील आघात मोजण्यात घालविली. जुना साक्षीदारही अद्याप पूर्ण उलगडलेला नाही. रशियातील बाक्सान येथे गॅलियमवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात अपेक्षेपेक्षा सुमारे एक पंचमांश कमी आघात मिळाले. ही नव्या प्रकारच्या न्यूट्रिनोची चाहूल आहे, की अणुकेंद्राविषयीचे आपले अज्ञान, हा वाद मिटलेला नाही.

आज अमेरिकेत उभा राहत असलेला ड्यून प्रयोग फर्मी प्रयोगशाळेतून १३०० किलोमीटर दूर झोत पाठविणार आहे. तो झोत पोहोचेल त्याच होमस्टेक खाणीत, जेथे डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो वेचले होते. तेथील प्रत्येक टाकीत सुमारे १७ हजार टन द्रव आर्गॉन असेल. पाँतेकोर्व्हो यांच्या १९४६ च्या अहवालात आर्गॉन ही न्यूट्रिनो येऊन गेल्याची खूण होती. आता आर्गॉनच साक्षीदार आहे, आणि १८ प्रोटॉन व २२ न्यूट्रॉन असलेले त्याचे अणुकेंद्र साधे नाही. त्याचा स्वभाव काही टक्क्यांच्या आत जाणून घेतला नाही तर इतक्या खर्चाच्या प्रयोगाचे उत्तर धूसर राहील.

दुब्नाची संस्था १९९५ पासून पाँतेकोर्व्हो यांच्या नावाने पारितोषिक देते. न्यूट्रिनोंच्या मिश्रणाचे गणितही त्यांच्या आणि तीन जपानी शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखले जाते. नोबेल मात्र त्यांना मिळाले नाही. दोन देशांत विभागलेल्या या माणसाने विज्ञानाला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट कदाचित ती एक सवय असावी, जी त्यांना रोममधील दोन टेबलांनी लावली. आकडा जुळत नाही तेव्हा कणाला दोष देण्यापूर्वी त्याच्या भोवती काय आहे ते पाहावे. नव्वदहून अधिक वर्षांनंतर, दीड किलोमीटर खोल खाणीत बसविल्या जाणाऱ्या यंत्रांपुढेही नेमका तोच प्रश्न उभा आहे.